पडणारे ठोकळे आणि वाढणारी बुद्धी

शाळा सुटल्यावर फाटकापाशी एखादी आई गुरुजींना गाठते. "गुरुजी, आमचा बंडू घरी आला की फोन घेऊन बसतो बघा. रागावलं तर मलाच सांगतो, आई, हा डोक्याचा खेळ आहे, यानं बुद्धी वाढते. खरं असतं का हो हे?" गुरुजी घुटमळतात. नाही म्हणावे तर आधार काय सांगायचा? आणि हो म्हणावे तर बंडू गुरुजींचीच साक्ष काढून उद्या आणखी दोन तास बसणार. मग "बेताबेतानं खेळू द्या" असे काहीतरी सांगून ते आपली वाट धरतात.

त्या आईच्या प्रश्नाचा इतिहास आज मी तुम्हांला सांगणार आहे. प्रश्न फोनपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी माणसांनी खरोखरीचे प्रयोग केले आहेत. सगळ्याच खेळांविषयी एका भाषणात बोलता येणार नाही. म्हणून मी एकच खेळ घेतो. हा खेळ जगभर खेळला गेला, आणि शास्त्रज्ञांनीही तो पुष्कळ वेळा तपासून पाहिला. त्याचे नाव टेट्रिस. नाव ओळखीचे नसले तरी खेळ पाहिलेला असेल. पडद्याच्या वरच्या बाजूने चार-चार चौकोनांचे ठोकळे एकामागून एक खाली येतात. ते फिरवायचे, डावीउजवीकडे सरकवायचे आणि खाली असे बसवायचे की मध्ये फट राहू नये. एक आडवी ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते. फटी राहत गेल्या की ढीग वर चढतो, आणि तो माथ्याला टेकला की खेळ संपला. जसजसे खेळावे तसतसे ठोकळे भरभर पडू लागतात.

हा खेळ जन्माला आला १९८४ साली, मॉस्को शहरात. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव नावाचे तरुण संशोधक काम करीत. त्यांना कोड्यांचा फार नाद. त्यातही पेंटॉमिनो नावाचे एक लाकडी कोडे त्यांचे विशेष आवडते होते. सगळी गोष्ट या कोड्यापासून निघते, म्हणून ते आधी समजावून घेऊ.

पाच सारखे चौकोन घ्या आणि कडेला कड लावून जोडा. असे किती वेगवेगळे आकार होतील? फिरवून किंवा पालथा घालून जो आकार पुन्हा तोच दिसतो, तो वेगळा मोजायचा नाही. असे मोजले तर बरोबर १२ आकार होतात. बारा पंचे साठ. म्हणजे ६० घरे. तेव्हा सहा घरे रुंद आणि दहा घरे लांब अशा पेटीत हे बारा तुकडे फट न ठेवता बसवायचे, हे झाले कोडे. ते सुटते, सुटण्याच्या निरनिराळ्या २,३३९ रीती आहेत. तरीसुद्धा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला एक रीत सापडायला अख्खी दुपार जाते. अमेरिकेतले गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी १९५३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या गणित मंडळापुढे या आकारांवर व्याख्यान दिले, त्यांना नावे दिली आणि पुढे १९६५ साली त्यांवर पुस्तकही लिहिले. तेव्हापासून हे कोडे जगभर फिरत होते.

पाजित्नोव यांना वाटले, हे कोडे संगणकावर खेळता आले तर? पण ठोकळे पडत असताना पाच चौकोनांचे बारा आकार म्हणजे फारच गर्दी होऊ लागली. मग त्यांनी चार चौकोनांचे आकार घेतले. पडद्यावर ठोकळा फिरवता येतो, पण पालथा घालता येत नाही. म्हणून डावा-उजवा वेगळा धरून हे आकार सात भरतात. ग्रीक भाषेत चारला 'टेट्रा' म्हणतात. ते 'टेट्रा' आणि पाजित्नोव यांचा आवडता टेनिसचा खेळ, यांतून नाव झाले टेट्रिस. त्यांच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, फक्त अक्षरे उमटत. तेव्हा छपाईत वापरतात ते चौकटी कंस जोडून त्यांनी ठोकळे दाखवले. ना रंग, ना गाणे. पण कचेरीतले लोक कामे सोडून खेळू लागले! पुढे वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाने आयबीएमच्या संगणकावर हा खेळ रंगांत उतरवायला मदत केली. चकत्यांवरून उतरवून घेत घेत तो शहरोशहरी गेला आणि लवकरच देशाबाहेर पडला. १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'गेम बॉय' हे हातात धरायचे यंत्र काढले. अमेरिकेत त्या यंत्राबरोबरच टेट्रिस दिला गेला आणि तो पोराबाळांच्या हातात पोचला. हक्क सरकारकडे होते, त्यामुळे ज्याने खेळ रचला त्या माणसाला त्याचे मानधन नियमाने मिळू लागले ते १९९६ सालापासून.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. हा खेळ मुलांसाठी रचलेला नव्हता आणि बुद्धी वाढवण्यासाठी तर नव्हताच. एका मोठ्या माणसाने स्वतःच्या करमणुकीसाठी तो केला. 'डोक्याचा खेळ' हा शिक्का त्यावर नंतर बसला. खेळ चांगला आहे, म्हणून तो हितकारकही असलाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. गूळ गोड लागतो म्हणून औषध ठरत नाही. ते वेगळे पाहावे लागते.

आता जरा मागे जाऊ. ठोकळ्यांनी मुलाची बुद्धी फुलते हा विचार आला कुठून? जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल नावाचे शिक्षणवेत्ते होऊन गेले. तरुणपणी त्यांनी बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला होता. खनिजांचे ते नेमके कोन आणि पैलू त्यांच्या मनात ठसले. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांचे काम सुरू केले आणि १८४० साली त्याला नाव दिले 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. मुलांसाठी त्यांनी लाकडी खेळणी केली, त्यांना ते 'देणग्या' म्हणत. त्यांत एक लाकडी घन असे, आठ सारख्या घनांत सुटणारा. मुलाने तो सुटा करायचा, त्याची खुर्ची करायची, जिना करायचा, आणि शेवटी सगळे तुकडे जुळवून पुन्हा पहिला घन करून ठेवायचा. भागांतून पूर्ण आणि पूर्णातून भाग, हा फ्रोबेल यांचा धडा होता.

पुढे मारिया माँटेसरी आल्या, आणि त्यांच्या विचाराचे बोट धरून आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी काम केले. माँटेसरींची साधने सुबक, पण महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडायची कशी? १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते जन्मभर चालवले. तिथे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने झाली. त्या दोघींना पक्के ठाऊक होते की किंमत साधनाची नसते. ते हाताळताना मुलाच्या हाताने आणि डोळ्याने काय केले, त्याची असते.

फ्रोबेलपासून अनुताईंपर्यंत ही सगळी श्रद्धा होती, आणि अनुभवाने भरलेली श्रद्धा होती. पण मोजमाप? ते वेगळ्या दिशेने आले, आणि ती दिशा आहे लॅटिन भाषेच्या तासाची. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या शाळांत मुलांना लॅटिन घोकावी लागे. ती बोलणारे कुणी उरले नव्हते. मग कशाला शिकायची, असे विचारले की उत्तर येई, लॅटिनने बुद्धीला व्यायाम होतो. जोर-बैठका काढल्या की अंगात बळ येते आणि ते नांगराला, मोटेला, कुस्तीला, सगळीकडे उपयोगी पडते. तसेच एका कठीण विषयाने तासलेली बुद्धी सगळ्या विषयांत चालते, असा समज होता. आपल्याकडेही पाठांतराने बुद्धी तल्लख होते असे म्हणणारे काही थोडे नव्हते.

१९०१ साली एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हा समज तपासला. त्यांनी काही लोकांना कागदाच्या आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अंदाजायचा सराव दिला. सरावाने लोकांचा अंदाज चांगलाच सुधारला. मग त्यांना निराळ्या आकाराचे, निराळ्या मापाचे कागद दिले. तिथे मात्र मिळवलेले कसब फारसे उपयोगी पडले नाही. आयत जमला म्हणजे त्रिकोण जमेलच असे नाही! थॉर्नडाइक यांनी पुढे १९२४ साली आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांची माहिती तपासली. लॅटिन घेतलेल्या मुलांची विचारशक्ती इतर विषय घेतलेल्यांच्या मानाने काही विशेष वाढलेली दिसली नाही. लॅटिन घेणारी मुले हुशार असत हे खरे. पण मुळात हुशार मुलेच लॅटिन घेत होती.

श्रोतेहो, कोणत्याही खेळाची पारख करताना हा धडा पदराशी बांधून ठेवावा. सरावाने माणूस ज्याचा सराव करतो त्यात सुधारतो. ती सुधारणा शेजारच्या घरापर्यंत जाते काय, आणि गेलीच तर कितव्या घरापर्यंत जाते, हा खरा प्रश्न आहे.

टेट्रिसच्या बाबतीत हा प्रश्न अगदी नेमका विचारता येतो, कारण या खेळात एक क्रिया सारखी घडते. वरून येणारा ठोकळा उलटा-आडवा केला तर कसा दिसेल, हे मनातल्या मनात फिरवून पाहावे लागते. ही शक्ती कामाची आहे. शिंपी कापड बेततो, सुतार लाकडाचा सांधा जुळवतो, गवंडी नकाशा वाचून भिंत उभी करतो, विद्यार्थी भूमितीची आकृती सोडवतो, तेव्हा तीच शक्ती लागते. तेव्हा टेट्रिसने ती वाढते का?

२००२ साली कॅलिफोर्नियातल्या सिम्स आणि मेयर या दोन संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हे पाहिले. टेट्रिसमध्ये पटाईत असलेले विद्यार्थी टेट्रिसचे किंवा तसलेच आकार मनात फिरवण्यात सरस ठरले. पण वेगळ्या जातीच्या आकारांत ते इतरांसारखेच निघाले. मग ज्यांना खेळ येत नव्हता अशा काहींना १२ तास टेट्रिस खेळायला लावले. चाचण्यांत त्यांची सुधारणा न खेळणाऱ्यांपेक्षा अधिक झाली नाही. थॉर्नडाइक यांचे आयत आणि त्रिकोण पुन्हा समोर आले, नाही का?

पण त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि आपल्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण तो लहान मुलांवर केला होता. डी लिसी आणि वोल्फर्ड यांनी तिसरीतली ४७ मुले घेतली; त्यांत मुलगे होते आणि मुलीही. प्रथम सर्वांची आकार फिरवून पाहण्याची परीक्षा घेतली. तीत मुलगे मुलींच्या पुढे निघाले. मग अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ११ बैठका झाल्या. काही मुलांना ठोकळे फिरवण्याचा खेळ दिला, तर काहींना ज्यात असे फिरवणे लागत नाही असा भूगोलाचा खेळ दिला. शेवटी पुन्हा परीक्षा घेतली. ठोकळे खेळलेली मुले दुसऱ्या गटाच्या पुढे गेली, आणि सुरुवातीला जी मागे होती त्यांनाही या खेळाने फायदा झाला. मुलगे आणि मुली यांच्यातला सुरुवातीचा फरक नंतरच्या परीक्षेत दिसला नाही.

किती वेळ लागला? सगळा मिळून साडेपाच तास! जो फरक लोक जन्माचा मानतात, तो साडेपाच तासांच्या संधीत दिसेनासा झाला. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

मग या दोन प्रयोगांत खरे कोणते? दोन्ही खरे. मोठ्या माणसांच्या आणि मुलांच्या बाबतीत, थोड्या आणि पुष्कळ सरावात, फरक पडतो. फिलाडेल्फियात विद्यार्थ्यांना एका सत्रभर सराव दिला, तेव्हा २००८ साली संशोधकांनी सांगितले की फायदा काही महिने टिकला. २०१३ साली अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे २१७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की, आकार आणि जागा यांची समज सरावाने सुधारते, टिकते आणि जवळच्या कामांत उपयोगीही पडते. पण गणिताच्या मार्कांपर्यंत ती पोचते का? कॅनडातल्या संशोधकांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांना सहा आठवडे टॅबलेटवर आकार फिरवण्याचा सराव दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, आकार फिरवणे सुधारले, गणित सुधारले नाही.

मेंदूवरचेही प्रयोग झाले. १९९२ साली रिचर्ड हायर आणि सहकाऱ्यांनी काही लोकांकडून चार ते आठ आठवडे रोज टेट्रिसचा सराव करवला, आणि मेंदू साखर किती वापरतो हे यंत्राने मोजले. लोकांचा खेळ सातपटीहून अधिक सुधारला, पण मेंदूच्या पृष्ठभागावर साखरेचा वापर वाढण्याऐवजी कमी झाला! नवी सायकल शिकताना सगळे अंग ताठ होते, आणि शिकल्यावर गाणे म्हणत जाता येते. त्यातलाच हा प्रकार. यावरून मला असे वाटते की मेंदूचा खरा कस शिकताना लागतो, अंगवळणी पडल्यावर नव्हे. हायर यांनी २००९ साली मुलींवर आणखी एक प्रयोग केला. तीन महिन्यांच्या सरावाने मेंदूच्या काही भागांची जाडी वाढलेली दिसली. त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. पण मुली थोड्या होत्या, आणि प्रयोगाला पैसा खेळाच्या व्यवसायातल्या कंपनीचा होता. प्रयोग खोटा होता असे मी म्हणत नाही. पण बियाणे विकणाऱ्यानेच पिकाचा अंदाज सांगितला तर शेतकरी तो दुसरीकडेही पडताळून पाहतो, एवढेच माझे म्हणणे.

अशा पडताळ्याची गरज किती, हे २०१६ साली दिसले. 'लुमॉसिटी' या नावाने मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप ठेवला की, या खेळांनी शाळेत आणि कामात प्रगती होते, असे ती पुरेशा पुराव्याशिवाय सांगते. कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. थोडक्यात, बंडूने आईला जे सांगितले तेच मोठ्यांनी जाहिरातीत सांगितले होते.

इथे कुणी म्हणेल, मग हा खेळ फुकटच म्हणायचा की! थांबा. एक प्रयोग सांगायचा राहिला, आणि शिक्षकांनी तो अवश्य ऐकावा. १९९४ साली डेव्हिड किर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे हात बारकाईने पाहिले. अपेक्षा अशी की चांगला खेळाडू आधी मनात ठरवील आणि मग ठोकळा फिरवील. प्रत्यक्षात खेळाडू ठोकळा दिसतो न दिसतो तोच तो बोटाने फिरवून पाहत. मनात फिरवायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा बोटाने फिरवून डोळ्याने पाहणे लवकर होते. म्हणजे बोट कामही करते आणि विचारही करते. लाकडी घनाबद्दल फ्रोबेल आणि शिंपल्यांबद्दल ताराबाई जे म्हणत होत्या, ते या प्रयोगशाळेत वेगळ्या वाटेने पुढे आले. मूल हाताने विचार करते. बोटे मोडून हिशेब करणाऱ्या पोराला दटावण्यापूर्वी हे आठवावे.

मात्र एका बाबतीत पडणारा ठोकळा आणि हातातला ठोकळा यांत मोठा फरक आहे. तो सांगण्यापेक्षा करून पाहणे बरे. उद्या वर्गात जाड पुठ्ठा घ्या आणि टेट्रिसचे सातही तुकडे कापा. एक सरळ काठी. एक चौक, दोन बाय दोनचा. दोन काटकोनी, एक डावा आणि एक उजवा. दोन पायरीसारखे, एक डावा आणि एक उजवा. आणि सातवा, तीन घरांच्या पट्टीला मधोमध टेंगूळ आलेला. सात चोक अठ्ठावीस. आता चार घरे रुंद आणि सात घरे लांब अशी चौकट आखा. तीही अठ्ठावीस घरांची. मुलांना सांगा, यात सगळे तुकडे बसवा.

मुले झटतील. शेवटचा तुकडा दर वेळी अडेल. कुणी म्हणेल, "गुरुजी, एकच घर चुकतंय, आत्ता बसतं बघा." बसणार नाही. घटकाभर झाली की विचारा, "हे बसतच नसेल तर? आणि बसत नाही हे आपल्याला कळायचं कसं?" मग चौकटीची घरे बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक काळी करा. काळी १४, पांढरी १४. आता काठी कुठेही ठेवा, ती दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकते. चौकाचे तेच, काटकोनांचे तेच, पायऱ्यांचे तेच. फक्त टेंगूळवाला तुकडा तीन एका रंगाची आणि एक दुसऱ्या रंगाची झाकतो. तेव्हा सातांची बेरीज एका रंगाची १५ आणि दुसऱ्याची १३ अशीच होणार. चौकटीत तर १४ आणि १४ आहेत. म्हणून हे कोडे हजार वर्षे बसले तरी सुटायचे नाही. एखाद्या मुलीच्या तोंडावर हे उमगल्याचा उजेड पडलेला पाहाल, तेव्हा दुसरी परीक्षा घ्यायची गरज उरणार नाही.

हेच ते सात तुकडे. पडद्यावर ते पडत असताना मुलाला एकच प्रश्न विचारतात, कुठे? पुठ्ठ्यावर ते थांबतात, आणि मग दुसरा प्रश्न सुचायला सवड मिळते, का? 'कुठे' या प्रश्नाने नजर आणि हात तयार होतात. तेही लहान काम नव्हे. पण 'का' विचारायला थांबावे लागते, आणि ज्या खेळात थांबले की हरले, त्यात ते व्हायचे कसे? २०२३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा जुन्या टेट्रिसमध्ये इतका पुढे गेला की शेवटी यंत्रच गोठले. त्याच्या चिकाटीचे कौतुकच आहे. पण त्या खेळात जिंकणे म्हणून मुळात रचलेलेच नाही. वेग वाढत जातो आणि माणूस केव्हा तरी हरतो. दुसरीकडे, तो मनातून लवकर निघतही नाही. २००० साली हार्वर्डच्या संशोधकांनी काही लोकांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस खेळायला लावले. झोप लागता लागता त्यांतल्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ठोकळे पडत होते. स्मृती गेलेल्या पाच रोग्यांपैकी तिघांनाही ते दिसले, आणि आपण हा खेळ खेळलो होतो हे तर त्यांना आठवतही नव्हते! रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्या मुलाच्या घरी ही गोष्ट जरूर सांगावी.

तर गुरुजींनी त्या आईला काय सांगावे? माझ्या मते एवढे सांगावे. "बाई, या खेळानं आकार ओळखायची, फिरवून बघायची नजर थोडी तयार होते, हे खरं. सगळी बुद्धी वाढते, गणित येतं, हे खरं नाही. अर्धा तास खेळू दे. मग फोन ठेवायला लावा आणि विचारा, आज नवीन काय जमलं ते सांग बघू. सांगता आलं तर खेळ त्याच्या हातात आहे. सांगता येईना, तर तो खेळाच्या हातात आहे. आणि तो अर्धा तास झोपेतून, अभ्यासातून किंवा मैदानातून जात नाही ना, तेवढं बघा."

आणि गुरुजींनी आणखी एक प्रश्न तिला विचारावा. "तुमची मुलगी काय खेळते हो?" घरात फोन एक, आणि तो बंडूच्या हातात. बंडूची बहीण तेव्हा पाणी भरते नाहीतर धाकट्याला सांभाळते. तिला ठोकळे कुणी दिले होते? विटी-दांडू, भोवरा, सायकल यांतले किती तिच्या वाट्याला आले? मग आठवीत भूमितीत ती अडली की आपण म्हणतो, मुलींना ते जरा कठीणच जाते. त्या तिसरीतल्या मुलींना साडेपाच तास पुरले होते. आपल्या मुलींना तेवढे साडेपाच तास, पुठ्ठ्याचे का होईनात, आपण दिले आहेत काय?

बंडूच्या खेळाची एवढी चौकशी आपण केली, ती योग्यच. पण ज्या मुलाला किंवा मुलीला खेळायलाच मिळत नाही, त्याची चौकशी त्याहून आधी करायला हवी. पुठ्ठा, कात्री आणि वर्गातली एक दुपार एवढेच त्याला लागते. ते कोणत्याही शाळेत जमण्यासारखे आहे.